गल्लीवर मी लावलेली नाकाबंदी

आधी चहा प्या. नंतर ठसका लागला तर नाव माझंच घ्याल, म्हणून आधीच सांगते. आणि 'सांगू का नको' असे आढेवेढे घेणाऱ्यातली मी नाही. माझी ही फजिती गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मग तुमच्यापासून काय म्हणून लपवायची? तिखटमीठ लावून दुसरं कुणी सांगण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. तिखटमीठ मी स्वतःच लावीन.

मी धामणगाव बढ्याची. गल्ली मला काकू म्हणते. शाळेची पायरी कधी चढले नाही. एसटी स्टँडवर भाजलेल्या शेंगा विकायची आणि गाड्यांच्या पाट्या पाहून अक्षरं जुळवायची. जन्मात पहिला वाचलेला शब्द 'मलकापूर'. लोक 'श्री' पासून सुरुवात करतात, मी मलकापूरपासून केली!

पुढे रद्दीचे पेपर पुड्या बांधायला आणायची आणि पुडी बांधण्याआधी वाचायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, शेंगा देता का?" मी म्हणायची, "थांब रे, ओळ संपू दे." पण रद्दीतली बातमी कायम अर्धी. 'दोन देशांत करार होण्याची शक्यता' एवढं वाचावं, आणि पुढचं पान दुसऱ्या कुणाच्या शेंगांबरोबर गाडीत बसून निघून गेलेलं! तो करार झाला की मोडला, या घोरात मी कित्येक रात्री तळमळले आहे. हसू नका. शेजारणीची भांडणं सगळ्यांनाच कळतात, देशांची कळायला अक्कल लागते. आता हातात चार पैसे आहेत, तर रोज अख्खा पेपर घेते. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. आणि हो, बोलताना मी 'मले' म्हणते आणि लिहिताना 'मला' लिहिते. दोन्ही माझंच आहे, कुणी नाव ठेवायचं काम नाही.

घरात मी एकटी. नवरा जाऊन लय वर्षं झाली. मुलगा संजय पुण्यात. घरात बोलायला रेडिओ आहे, पण त्याचं असं की तो बोलतो, त्याला उलटून बोललेलं मात्र ऐकू येत नाही. मी भांडून भांडून थकते, तो आपला हवामान सांगत बसतो.

मागच्या हिवाळ्यात मोरीत पाय घसरला. दुपारपर्यंत तशीच पडून होते. तेव्हा संजयनं बजावलं, "आई, पुन्हा असं काही झालं तर मी ऐकणार नाही. घर बंद, तू पुण्याला." पुण्याचं घर मी पाहिलेलं आहे. सातव्या मजल्यावर. आपलं दार उघडावं तर समोर दुसरं बंद दार. ओटा नाही, आवाज द्यायला माणूस नाही. तिथे मी आठवडाभर राहिले होते, तेव्हा लिफ्टमधल्या बाईशी बोलायची. ती 'दरवाजा बंद हो रहा है' म्हणायची ना, तिच्याशी. तेव्हा पुणे नको. एवढं ध्यानात ठेवा, सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

आता जुबेदा. भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिचा पोरगा इरफान ओमान देशात एसी बसवायच्या कामावर. तो तिकडे गेला, आणि जुबेदाला परराष्ट्र धोरणाची गरज पडली! तिला मराठी वाचता येत नाही, उर्दू येते. मग रोज दुपारी मी तिच्या ओट्यावर बसून पेपर वाचायची. पेपरवालासुद्धा माझा पेपर तिच्याच ओट्यावर टाकायचा.

"काकू, तिकडं समदं बराबर हाय ना?" हा तिचा रोजचा प्रश्न.

मग मी संजयचा शाळेतला जुना नकाशा उघडायची आणि समजावून सांगायची. हे पाहा, आखातातले हे सहा देश. एकमेकांचे गणगोत. कधी गळ्यात गळे, कधी तोंडं फुगलेली. मागे काही वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनीच त्या कतारची वाट अडवली होती. जमीन बंद, आकाश बंद. तर त्यानं काय करावं? दुधासाठी विमानानं गायी आणल्या! जुबेदा तोंडाला पदर लावून हसायची. "विमानात गाय? आन् शेन?" त्याचं उत्तर पेपरात नव्हतं. आणि तुझा इरफान आहे तो ओमान, तो शहाणा. कुणाच्या भांडणात पडत नाही, उलट दोघांना आपल्या घरी बोलावून समेट घडवतो.

"म्हंजे माहं लेकरू चांगल्या घरी हाय," जुबेदा म्हणायची आणि माझ्यासाठी चहा टाकायची. सांगा, दिल्लीत बसलेल्या एखाद्या तज्ज्ञाला असा श्रोता मिळतो का?

पण जग बदलतं हो. इरफाननं यंदा घरावर स्लॅब टाकून दिला. मग मोठा फोन पाठवला, तोंड दिसणारा. आणि आमच्या दोन घरांच्या संबंधांत पहिली चीर पडली.

झालं असं. वैशाखाची दुपार. त्या दिवशी पेपरात अर्धं पान होतं. ते सहाही देश आता राजकारणात आणि व्यापारात आणखी जवळ येणार. सगळ्यांना जोडणारी रेल्वे, पाहुण्यांना सगळीकडे चालणारा एकच परवाना. भोवताली वारं फिरलंय, तेव्हा आपण एकमेकांना धरून राहू, असा विचार. मी जेवण सोडून दोनदा वाचलं. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. चष्मा पुसून, नकाशा काखेत मारून जुबेदाच्या ओट्यावर गेले, तर ही बाई फोन उंच धरून इरफानला नवा स्लॅब दाखवतेय!

"जुबेदा, लय मोठी बातमी हाय."

"काकू, जरा ठैरा ना. लेकरू जेवून राह्यलं."

मी ठहरले. लेकरू जेवलं. लेकरानं हात धुतले. मग मीच फोनसमोर तोंड नेलं आणि म्हटलं, "काय बे इरफान, तुमच्याकडं रेल्वे होऊन राह्यली, समदे देश एक होऊन राह्यले, अन् तू सांगत नाही?"

इरफान म्हणाला, "काकू, इथं एवढी गरमी हाय का मले खोलीचं दार दिसते फक्त. ते जाऊ द्या, तुमचं गुडघ्याचं कसं हाय?"

गुडघ्याचं! मी सहा देशांचं घेऊन गेले, आणि हा माझ्या गुडघ्यावर उतरला!

मी बसून पेपर उलगडला. म्हटलं, "तू आयक जुबेदा. पह्यला मुद्दा असा हाय..."

जुबेदा फोन पदरानं पुसत अगदी सहज म्हणाली, "काकू, आता काऊन तरास घेता? मले लेकरू दिसते ना रोज. मंग बातमीचं काय काम?"

तिच्या मनात काही नव्हतं. हे मला आज कळतं. त्या वेळी मात्र ते फार लागलं. कारण खरंच होतं ना! तिला बातमी नकोच होती कधी. तिला लेकरू हवं होतं. बातमी मलाच सांगायची होती.

पण हे कबूल करेल ती मी कसली? मी उठले. पेपर तिथंच टाकला, नकाशाची घडी केली. आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "हाव! आता कोनाले काकूचं काम नाही! ऱ्हाय तू तुह्या फोनासंगं. मी चालली पुण्याले. आजच्याच गाडीनं!"

आता इथं थांबा. तुम्ही आमच्याकडच्या असाल तर तुम्हाला आमचा कायदा ठाऊक असेल. आमच्याकडे माणूस रुसून 'मी चालली' म्हणालं, की ते कुठंही जात नाही. ते घरात जाऊन बसतं. मग समोरच्यानं मनवायला यायचं असतं. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, नाहीतर किंमत राहत नाही. दुसऱ्या हाकेला नुसतं 'हं' म्हणायचं. तिसऱ्या हाकेला दार उघडायचं, तेही तोंड भिंतीकडे करून. मग 'नका जाऊ, काकू' झालं, की हळूहळू वळायचं. लग्नात जावई रुसतो, पोळ्याला शेतावरचा सालदार रुसतो, सगळे याच कायद्यानं रुसतात. मी काही जगावेगळं केलं नव्हतं.

उलट मी दोन पावलं पुढे गेले. पेपर वाचणारी बाई ना मी! नुसतं रुसून कसं चालेल? मी नाकाबंदी केली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या कुरडया सुरू व्हायच्या होत्या. आमच्याकडे ही कामं सावडीनं होतात. आज तुझ्या घरच्या, उद्या माझ्या, सगळ्या बाया मिळून. कुरडया वाळायच्या माझ्या गच्चीवर, आणि पाडायच्या माझ्या पितळी सोऱ्यातून. तेव्हा म्हटलं, गच्ची बंद! सोऱ्या कपाटात, कपाटाला किल्ली! खिडक्या बंद, पुढचं दार आतून ओढून घेतलं. मोबाइलही बंद करून टाकला. देशादेशांत बिनसलं की पहिल्यांदा आपला वकील, म्हणजे राजदूत, परत बोलावतात, तसा मी माझा वकील परत बोलावला. मग चांगलं लुगडं नेसले, वेणी घातली आणि दाराकडे तोंड करून बसले. मनवायला येतील तेव्हा माणूस नीटनेटकं दिसावं की नाही?

संध्याकाळी चहाची वेळ झाली. आणि माझ्या ध्यानात आलं की दूध जुबेदाच्या म्हशीचं. ते तिकडून यायचं. प्यायचं पाणी जुबेदाच्या बोअरचं. तेही तिकडून. पेपर? तिच्याच ओट्यावर! अहो, अर्धं जग मी कोळून प्यायले, पण माझा सगळा व्यापार एकाच सरहद्दीतून चालतो, हे मला नाकाबंदी लावल्यावर कळलं! काळा चहा प्यायले. माठात तळाला पाणी होतं, ते पुरवून वापरलं.

दिवस कलला आणि ओट्यावर चपला वाजल्या. जुबेदाच! मी पदर सारखा केला. तोंड भिंतीकडे वळवलं.

"काकूऽ?"

पहिली हाक. मी गप्प. दुसरीची वाट पाहत मनात 'हं' जुळवत बसले.

ती दुसरी हाक मारीचना!

"गेल्या वाटते खरंच," ती स्वतःशीच म्हणाली. मग दार जरा हललं. "माय! कुलूपबी लावलं नाही. म्हातारपन आलं काकूले, ध्यानच नाही राह्यत." पावलं गेली. पावलं परत आली. कडी वाजली. आणि मग खट्!

तिनं तिच्या घरचं कुलूप आणून माझ्या दाराला बाहेरून लावलं होतं.

ओरडायचं होतं हो! तोंड उघडलंही होतं. पण ओरडले असते तर काय सांगितलं असतं? की मी पुण्याला जाणार नव्हतेच, तुम्ही मनवाल म्हणून दबा धरून बसले होते? तोंड मिटून घेतलं. आणि त्या सांजेला, खरं सांगते, घर इतकं मोठं वाटलं की विचारू नका. जग असतं तसं चालू होतं. बकऱ्या घरी आल्या, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पलीकडे जुबेदाच्या फोनात इरफान हसला. मी गेले असं समजून गल्लीनं एक घास कमी खाल्ला नव्हता. मला वाटलं होतं मी गेले तर भोक पडेल. साधी सुरकुतीही पडली नव्हती.

सकाळी जाग आली ती चिकाच्या वासानं. कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचं सत्त्व चुलीवर शिजवतात, तो चीक. गरम चिकावर तेल आणि तिखट टाकून वाटीत दिला, तर मेलेलं माणूस उठून बसेल. आमच्या दोघींच्या परसांच्या मधे डोक्याइतकी उंच भिंत आहे. त्या भिंतीपलीकडेच चूल पेटली होती. मी परसात येऊन भिंतीला पाठ लावून बसले. ऐकायला नाही हो. वासाला.

पण कानाला काय बूच लावू?

"सोऱ्या आनला का व, शोभा?" जुबेदा विचारत होती. शोभा म्हणजे समोरची, वेळेवर कुंकू लावायला फुरसत नसणारी पण बोलायला कायम मोकळी.

"आनला ना. स्टीलचा हाय, मोताळ्याहून आनला. काकूच्या सोऱ्यापरीस हल्का जाते."

माझा एक निर्बंध गेला.

"अन् वाळू कुठं घालाच्या?"

"माह्या नव्या स्लॅपवर. आता काऊन कोनाच्या गच्चीच्या पायऱ्या चढा?"

दुसरा गेला. नाकाबंदीत आता उरले काय? मी आणि कपाटाची किल्ली.

"काकू असत्या त आतालोक मीठबी टाकू देलं नसतं," शोभा म्हणाली. "पह्यले सहा देशाचं भाषन, मंग मीठ."

सगळ्या हसल्या. मी दात आवळून बसले. हेही सोसलं. अहो, मी स्टँडवरच्या कंडक्टरांचं सोसलंय, हे काय!

पण मग शोभा म्हणाली, "इरफान हाय तो देश कोनता व? दुबई ना?"

"ओमान," जुबेदा म्हणाली.

"एकच ना ते! ओमान म्हना का दुबई म्हना."

बस. तहान सोसली, भूक सोसली, कुलूप सोसलं. पण हे? इतक्या वर्षांचं माझं वाचन चुलीत घातल्यासारखं झालं. मी तशीच उठले, धुण्याच्या दगडावर चढले, भिंतीवरून मुंडकं वर काढलं आणि ओरडले, "एक नाही व! दुबई हा देशच नाही! शहर हाय ते! ओमान येगळा देश हाय!"

तुम्ही कल्पना करा. पुण्याला गेलेली म्हातारी. बाहेरून कुलूप. आणि भल्या सकाळी भिंतीवर पांढरे केस मोकळे सुटलेलं मुंडकं वर येतं आणि भूगोल सांगतं!

शोभाच्या हातातला चाटू चिकात पडला. एक बाई 'देवा रे' म्हणून सरळ कणगीमागे गेली. जुबेदा छातीवर हात मारून पुटपुटायला लागली.

शेवटी शोभाच धीर करून म्हणाली, "काकू... तुम्ही पुन्याहून कव्हा आल्या?"

आता शहाण्या माणसानं इथं खरं सांगितलं असतं. मी म्हणाले, "सकाळच्या गाडीनं."

"अन् आत कशा गेल्या? कुलूप त मी लावेल हाय!" जुबेदा.

मी सुटलेले केस बांधायला लागले.

"काकू, तुम्ही गेल्याच नव्हत्या!"

"तू एकच हाक मारली!" मी दगडावरून ओरडले. "एक! कोनी एका हाकेत येते का? तीन मारतात, तीन!"

मग शोभाचं हसू फुटलं, ती हसता हसता खाली बसली. कणगीमागची बाहेर आली. जुबेदा हसली नाही. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! म्या त संजूभाऊले फोन केला!"

मी दगडावरूनच विचारलं, "काय केलं?"

"सकाळी नमाज झाली अन् केला. म्हनलं काकू पोहोचल्या का? ते म्हनले, आई त आलीच नाही. मंग त्यायनं तुम्हाले फोन केले, त तुमचा बंद. मंग पुन्हा मले केला. लय घाबरले होते."

तिनं धावत येऊन कुलूप काढलं. मी मोबाइल चालू केला, तसा संजयचा फोन वाजलाच.

"आई! कुठे आहेस तू? ठीक आहेस ना?"

"मी घरीच हाय रे. कुठं जाईन?"

मग तो म्हणाला, "मी नगर सोडलंय. दुपारपर्यंत पोहोचतो. तुझी पिशवी भरून ठेव. आता एक शब्द ऐकणार नाही." आणि फोन ठेवला.

आता गंमत गेली. मी ओट्यावर बसले. गल्लीतल्या सगळ्या बाया भोवती उभ्या. शोभानं वाटीत चीक आणून हातात दिला. सकाळपासून ज्याच्यासाठी जीव चालला होता, ती वाटी मी तशीच बाजूला ठेवली. कुणीतरी आत जाऊन माझी दोन लुगडी पिशवीत घातली. म्हणाली, "भाऊनं सांगतलं त भरा लागन." पिशवी दाराशी ठेवली. त्या पिशवीकडे मी पाहिलं, आणि सातव्या मजल्यावरचं समोरचं दार डोळ्यांपुढे आलं.

मग माझ्यातली परराष्ट्रमंत्री जागी झाली.

"आयका," मी म्हटलं. "मोठमोठाले देश भांडतात, पन बाहेरच्यासमोर समद्याइचं निवेदन एकच राह्यते. संयुक्त निवेदन म्हनतात त्याले. संजय आला का समद्यायनं एकच सांगाचं. काकू रातभर जुबेदाच्या घरी होती. फोन चार्जिंगले होता. ध्यानात राह्यन?"

"हाव," सगळ्या म्हणाल्या.

दुपारी गाडी आली. संजय उतरला. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. त्यानं आधी माझा हात धरला. मग आवाज चढवला.

"रात्री कुठे होतीस?"

"माह्याकडं," जुबेदा म्हणाली.

"माह्याकडं," त्याच वेळी शोभाही म्हणाली.

संजयनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"आधी हिच्याकडं, मंग तिच्याकडं," मी.

"आणि फोन का बंद होता?"

"चार्जिंगले होता," जुबेदा.

"चिकात पडला होता," शोभा. तिला वाटलं एवढ्यानं माणूस ऐकेल का, म्हणून तिनं आपल्या मनाची भर घातली!

संजयनं माझ्या हातातून मोबाइल घेतला. कोरडा ठणठणीत. त्याला चिकाचा वासही नव्हता. "जुबेदामावशी," तो शांतपणे म्हणाला, "सकाळी तुम्हीच मला सांगितलंत की घराला कुलूप तुम्ही लावलं."

झालं. असं संयुक्त निवेदन जगाच्या इतिहासात कुठं झालं नसेल! मी मान खाली घातली. पिशवी उचलायला वाकले.

तेवढ्यात जुबेदा पुढे आली. "लावलं. माह्याच हातानं लावलं. गलती माही हाय, संजूभाऊ. पन काकूले नेऊ नोका."

"मावशी, ती एकटी असते. काही झालं तर..."

"एकली कुठं हाय? मी हावो ना." मग म्हणाली, "काल सांजीच्याले काकूचा पेपर पाहत बसली मी. मले वाचता त येत नाही. नुसते फोटो पाह्यले. कोन्या मानसानं कोनाचा हात धरेल हाय, तेबी समजलं नाही. इरफानले इचारलं, त तो म्हने मले नाही माहीत. मंग ठेवून देला. काकू आल्यावर सांगतीन म्हनलं."

मी पिशवीवर वाकलेली तशीच राहिले. वर पाहायची सोय नव्हती.

"अन् दुबई देश नाही हे आम्हाले कोन सांगन?" शोभा म्हणाली. "नका नेऊ, भाऊ. काकू गेल्या त आमी भांडाव कोनासंगं?"

'नका' आलं हो! कालपासून ज्या शब्दासाठी लुगडं नेसून बसले होते, तो शब्द आला. फक्त मला म्हणायच्या ऐवजी माझ्या पोराला म्हटला गेला. मी कान देऊन ऐकला आणि चालवून घेतला.

संजय ओट्यावर बसला, चीक खाल्ला, पुन्हा मागून घेतला. पोटात गेल्यावर करार झाला. कुलपाची एक किल्ली जुबेदापाशी राहील. मोबाइल कधीही बंद करायचा नाही, मग वकील परत बोलवायचा असो की नसो. जुबेदानं तिचं कलम घातलं, इरफान दिसत असताना काकूनं मध्ये तोंड घालायचं नाही, नंतर वाचायचं, ती ऐकेल. बदल्यात ती तीन हाका मारील. मी म्हटलं, "एक पुरे. मी पह्यलीलेच ओ देईन." सही कुणी केली नाही. आमच्याकडे चहा झाला की सही झाली.

रात्री संजय मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी वैशाखाच्या उन्हानं त्या नव्या स्लॅबवरच्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत वाळल्या. सगळ्या बायांनी आपापल्या वाट्यातून संजयला ओंजळ ओंजळ दिल्या. बांधायला काही सापडेना, तेव्हा माझी दोन लुगडी त्या पिशवीतून काढून खुंटीला टांगली आणि पिशवी कुरडयांनी गच्च भरली.

आईला न्यायला पुण्याहून धावत आलेला माझा एकुलता एक मुलगा कुरडया मांडीवर घेऊन गाडीत बसला. येताना ज्याचा चेहरा पाहवत नव्हता, तो आता कसा फुलला होता! मी खिडकीपाशी गेले. वाटलं, आता म्हणेल, 'आई, तुला इथे सोडून जायचं जिवावर येतंय.' मी डोळ्याला पदर लावायच्या तयारीत होते.

त्यानं काच खाली केली, पिशवी थोपटली आणि म्हणाला, "बरं झालं बघ आई, फेरी वाया नाही गेली."